किती फूट

बागवान मॅडमनी सम्मेदला विचारलं,
आत्ता पोटात काळजी किती, शून्य ते दहा?
तो गप्प. खुर्चीच्या रेक्झिनचं भोक
बोटानं मोठं करत राहिला.
मग म्हणाला, दहात नाही मावत.
फुटात सांगू?

सांगलीचं पोर, दुसरं कुठलं माप येणार.
आयर्विन पुलावरचे आकडे त्याला
पाढ्यांच्या आधी पाठ:
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
गावभागातलं घर सोडलं त्या रात्री
तो तीन वर्षांचा, माझ्या खांद्यावर झोपलेला.
झोपलाय असं मला वाटत होतं.

पण सगळं पुरावर ढकलू नका, मॅडम म्हणाल्या.
खरंच. तो मे महिन्यातही भरलेला असायचा.
नदीत गुडघाभर पाणी आणि याचं एकेचाळीस.
व्हॅनला पाच मिनिटं उशीर, बेचाळीस.
कंपास विसरला तर? आई का खोकली?
मगदूमकाकांनी बीपीची गोळी घेतली असेल ना?
आणि पृथ्वीवर येऊन आदळणारा कुठलासा दगड,
ज्याची बातमी त्यानं न्हाव्याच्या दुकानात पाहिली
अर्धे केस कापलेले असताना.

पोट दुखतं म्हणायचा. सोनोग्राफी स्वच्छ.
रात्री दहादा: पप्पा, कडी लावली?
लावली.
पप्पा, काही होणार नाही ना?
काही होणार नाही.
मी मार्केट यार्डात तोलार. हळद तोलतो.
दिवसभर काटा थांबेपर्यंत थांबणारा माणूस,
घरी मात्र प्रश्न पुरता यायच्या आत
पारड्यात उत्तर टाकायचो.

तेवढं बंद करा, म्हणाल्या मॅडम.
गृहपाठ फक्त पोराला असेल
असं मी धरून चाललो होतो.

वहीत तीन रकाने.
काय होईल असं वाटलं. पुरावा काय. शेवटी काय झालं.
तिसऱ्यात रोज एकच: व्हॅन आली. व्हॅन आली.
एका गुरुवारी: व्हॅन पंक्चर झाली.
रसवंतीवर थांबलो. माझ्या रसात आलं होतं.

काळजीला वेळ ठरवून दिली, साडेपाच ते पावणेसहा,
अंथऊच्या आधी; आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो.
अवेळी आली तर सांगायचं, संध्याकाळी ये.
पहिला आठवडा तिनं ऐकलं नाही.
दुसऱ्यात तो पाटावर बसून घड्याळ बघत म्हणाला,
आज काही आठवतच नाहीये.
असं चालतं का?
आणि मग त्याचीच काळजी.
त्याची आई इतकी हसली की भाकरी करपली.

मॅडमनी शिडी काढून दिली होती, सात पायऱ्यांची.
खालची: कडी एकदाच बघायची.
सगळ्यात वरची: पप्पा अर्धा तास उशिरा येणार,
फोन न करता.

त्या दिवशी मी घरापासून चाळीस पावलांवर
शिकलगारांच्या सायकल दुकानात उभा होतो.
फोन बंद. हाताला हळदीचा वास.
शिकलगार म्हणाला, काही बिघडलंय का?
मी म्हटलं, सायकलच नाहीये माझ्याकडं.
एकोणतीस मिनिटं मी नुसता त्या गल्लीकडं बघत होतो.
कुणी ओरडलं का. कुणी पळत आलं का.

दार त्यानंच उघडलं.
किती? मी विचारलं.
आधी चव्वेचाळीस, तो म्हणाला. मग मी काहीच केलं नाही.
तुम्हाला फोन पण नाही. नुसता बसलो.
मग आपोआप एकोणचाळीस.
नदीला कुणी पंप लावतं का पप्पा? ती उतरते की.

चप्पल काढत होतो तर पाठीमागून,
तुमचं किती?

शून्य, असं तोंडापर्यंत आलं होतं.
काटा हलत होता. थांबलो.

त्रेचाळीस, म्हणालो.

त्यानं वहीच्या मागच्या पानावर
माझ्या नावाचा रकाना आखला,
पट्टी न घेता,
आणि तारीख घातली.